सत्तरच्या दशकातली सायकल आणि वीस किलो सामान: प्रकल्प नोंदी

६ नोव्हेंबर

सायकल घरात आली. नावाची पट्टी कधीच उडालेली, रंगाचे दोन थर, त्यातला वरचा ब्रशने मारलेला. पण सायकल काय प्रतीची आहे हे कळायला नाव लागत नाही, मोजपट्टी आणि कॅलिपर पुरतात. सीटच्या नळीचा बाहेरचा व्यास २८.६ मिमी आणि आत बसणारा सीटचा दांडा २७.२ मिमी. म्हणजे नळीची भिंत तोंडाशी ०.७ मिमीच्याही आत. साध्या लोखंडी सायकलची नळी एवढी पातळ काढत नाहीत. तिथे दांडा बारीक असतो, कारण भिंत जाड असते. ही चांगल्या मिश्र पोलादाची फ्रेम आहे, लग (सांध्यांवरच्या बाह्या) लावून पितळी झाळकाम केलेली.

बाकी मोजमापं: बॉटम ब्रॅकेटचं (क्रँकचा आस फिरतो त्या जागेचं) कवच ६८ मिमी, इंचाला २४ आटे, उजव्या बाजूचे आटे उलटे, म्हणजे इंग्लिश पद्धत. मागच्या ड्रॉपआउटमधलं (चाकाचा आस बसतो त्या खाचांमधलं) अंतर १२० मिमी, त्यात पाच चकत्यांचं (दातेरी चाकांचं) आट्यांवर चढणारं फ्रीव्हील. २७ इंची क्रोम केलेल्या लोखंडी रिमा, कॉटर पिनचा क्रँक (पायडलची भुजा आडव्या पिनेने आसावर बसवलेली), सेंटरपुल ब्रेक (केबल मधोमध ओढणारे), फ्रेमच्या दांड्यावर घर्षणाचे गिअर-लिव्हर. चेनस्टे, म्हणजे क्रँकपासून मागच्या आसाकडे जाणारी नळी, ४४५ मिमी. हा आकडा पाहून सायकल घ्यायचं पक्कं केलं. शर्यतीच्या सायकलचा चेनस्टे ४१० च्या आसपास असतो आणि मग मागच्या पिशव्यांना प्रत्येक पायडलागणिक टाच लागते.

हिच्यावर वीस किलो सामान लादून लांब जायचं आहे, चढ-उतार आणि मधूनमधून कच्चा रस्ता धरून. म्हणून एक गोष्ट आजच ठरवली. ज्या भागातून वजन जातं आणि ज्या भागाने थांबायचं असतं, तिथे जुनेपणाला सूट नाही. बाकी सगळं जुनं राहिलं तर आनंदच.

९ नोव्हेंबर

खोलकाम. कॉटर पिना काढायची रीत जुनी आणि सोपी आहे, फक्त अर्धवट धीराने करू नये. नट पिनेच्या टोकाशी सपाट येईपर्यंत सैल करायचा, म्हणजे आटे वाचतात. क्रँकखाली लोखंडी नळीचा तुकडा उभा टेकवायचा, म्हणजे फटक्याचा जोर छर्‍यांवर न जाता जमिनीवर जातो. मग जड हातोडीचा एकच सणसणीत घाव. हलक्या हातोडीने वीसदा टकटक केलं की पिनेचं डोकं मशरूमसारखं पसरतं आणि पुढे ड्रिल मशीनशिवाय इलाज उरत नाही. उजवी पिन पहिल्या घावाला सुटली, डावी तेल पाजून रात्रभर ठेवल्यावर.

हँडलचा स्टेम (हँडल धरून फ्रेममध्ये उतरणारा तुकडा): वरचा बोल्ट चार-पाच फेरे सैल करून त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून ठोकला, आतला कोन खाली सुटला, स्टेम निघाला. सीटचा दांडा मात्र हलेना. अॅल्युमिनियमचा दांडा पोलादी नळीत वर्षानुवर्षं ग्रीसशिवाय राहिला की दोन धातूंमध्ये ओल धरून ऑक्साइड फुगतं आणि दोन्ही एकजीव होतात. दांडा वाइसमध्ये पकडून फ्रेमच फिरवली. फ्रेमएवढा लांब पाना दुसरा कुठला मिळणार! आधी कुरकुर, मग सुटला.

१४ नोव्हेंबर

तपासणी. रंग उडालेल्या जागी ब्रशने घासून भिंगाने पाहिलं. पोलादाला चीर पडली की रंगात केसासारखी गंजाची रेघ उमटते. ती शोधायची ठिकाणं ठरलेली आहेत. लगच्या कडा, चेनस्टेमधला पूल, ड्रॉपआउट जिथे नळीत शिरतात ती जागा, आणि चिमट्याची उभी नळी जिथे क्राउनमध्ये (चिमट्याच्या माथ्यात) बसते ती. ही शेवटची चिमटा बाहेर काढल्याशिवाय दिसतच नाही, म्हणून बहुतेक जण ती पाहत नाहीत. इथे सगळीकडे स्वच्छ. आतून गंज आहे, पण वरवरचा. नळ्या आतून ब्रशने घासून जवसाचं तेल फिरवलं.

हँडल आणि स्टेम दोन्ही अॅल्युमिनियमचे, वरून अगदी झकास. दोन्ही बाद. पोलादाला एक मर्यादा असते. ताण तिच्या खाली राहिला तर कितीही वेळा वाकवा, ते थकत नाही. अॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, प्रत्येक झटका त्याच्या खात्यात जमा होत जातो. पन्नास वर्षं कोण त्या हँडलवर किती जोर देऊन उभं राहिलं, किती वेळा पडलं, हे मला माहीत नाही. आणि हँडल तुटतं ते सांगून तुटत नाही.

सायकलींचा नाद असलेला एक मित्र पाहायला आला होता. त्याचं म्हणणं, "अरे, हँडल बदललंस म्हणजे चेहराच बदलला." मी म्हटलं, माझा चेहरा शाबूत राहू दे. त्यावर त्याने बरोबर दुखरी जागा पकडली: "मग ब्रेकच्या भुजा कशाच्या आहेत?" त्याही अॅल्युमिनियमच्याच, खरं आहे. पण त्या जाड आहेत, घडाईच्या आहेत, आणि रस्त्याचा प्रत्येक खड्डा त्यांच्यातून जात नाही. तरी डाय पेनिट्रंट आणला. लाल रंग फवारायचा, पुसायचा, पांढरी पावडर मारायची. चीर असेल तर त्यातून लाल रेघ वर येते. काही आलं नाही. भुजा राहिल्या.

२१ नोव्हेंबर

गिअरचा हिशेब. जुन्या टूरिंग सायकलींबद्दल बोलताना लोक फ्रेमचं कौतुक करतात आणि गिअरबद्दल गप्प बसतात, कारण तिथे कौतुक करण्यासारखं फार नसतं.

पुढे ५२ आणि ४० दातांची चेनव्हील, मागे १४ ते २८. सगळ्यात हलका गिअर ४० वर २८. चाकाचा घेर साधारण २.१७ मीटर, म्हणजे पायडलच्या एका फेर्‍यात सायकल ३.१ मीटर पुढे. मिनिटाला ६० फेरे, ज्याच्या खाली गुडघे तक्रार करू लागतात, तो वेग धरला तर ताशी ११ किलोमीटर.

आता वजन. मी ७५, सायकल १५, सामान २०, एकूण ११० किलो. आठ टक्क्यांच्या चढावर हे वजन खाली ओढतं सुमारे ८६ न्यूटनने. टायरचं घर्षण धरून ९३ धरू. सेकंदाला ३.१ मीटरने गुणलं की २८८ वॉट. तासभर २८८ वॉट देणारा माणूस चांगला तयारीचा असतो. मी त्यातला नाही, आणि लांबच्या प्रवासात पाचव्या दिवशी तर नाहीच.

पुढे २६ आणि मागे ३२ केलं तर एका फेर्‍याला १.७६ मीटर, वेग ताशी ६.३ किलोमीटर, लागणारी शक्ती १६४ वॉट. चढ तोच, वजन तेच, फक्त वेळ जास्त. वेळ आहे.

तेव्हा तीन चेनव्हील, ४८, ३६ आणि २६. मागे आठ चकत्या, ११ ते ३२. अकराची चकती बहुधा शोभेलाच राहील, पण मिळते ती तशीच मिळते. मागच्या डिरेलरने (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणार्‍या यंत्रणेने) किती सैल चेन गुंडाळायची: पुढचा फरक २२, मागचा २१, बेरीज ४३ दात. जुना डिरेलर एवढी चेन सामावू शकणार नाही, त्याचा पिंजरा आखूड आहे. लांब पिंजर्‍याचा लावावा लागेल. गिअर-लिव्हर मात्र तेच राहतात, आणि याचं मला फार समाधान आहे. घर्षणाच्या लिव्हरला चकत्या पाच की आठ, त्यांच्यात अंतर किती, डिरेलर कोणाचा, याच्याशी काही देणंघेणं नसतं. हात शिकतो. वाटेत पडून डिरेलर टांगलेला हँगर थोडा वाकला तरी गिअर पडत राहतात, जे ठरावीक टप्प्यांच्या लिव्हरला जमत नाही.

२३ नोव्हेंबर

क्रँकवरून वाद, आणि वाद घालणारा मीच. जुना कॉटर पिनचा पोलादी क्रँक मजबूत आहे, कुठल्याही हातोडीवाल्याकडे दुरुस्त होतो. पण त्यावर २६ दातांचं चेनव्हील बसत नाही. त्याच काळातला, दिसायला देखणा, टी.ए. कंपनीचा पाच बोल्टांचा फ्रेंच क्रँक आहे. त्यावर २६ पर्यंत उतरता येतं आणि फ्रेमवर तो शोभतोही. पण तो जुना अॅल्युमिनियम. पायडलच्या भोकाशी चिरा पडणं ही जुन्या क्रँकची नेहमीची गोष्ट आहे. नवा चौकोनी आसाचा तिहेरी क्रँक मागवला. दिसायला यथातथा.

२ डिसेंबर

मागचा त्रिकोण रुंदावला. जुन्या फ्रेमच्या कामातलं सगळ्यात भीतीदायक वाटणारं काम हे, आणि करून झालं की हसू येतं.

रुंदावायचं कशाला? जुन्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) फ्रीव्हील बाहेरून आट्यांवर चढतं आणि उजवीकडचे छर्रे त्याच्या आतल्या बाजूला राहतात. छर्‍यांपासून ड्रॉपआउटपर्यंत तीन सेंटिमीटरहून जास्त आस अधांतरी लोंबते. सामान लादलं की तिथेच ती वाकते आणि एक दिवस मोडते. शिमानोने १९७८ च्या सुमारास बाजारात आणलेल्या फ्रीहबमध्ये उजवे छर्रे थेट बाहेरच्या टोकाशी गेले आणि हा प्रश्नच मिटला. सायकलच्या इतिहासातल्या मोठ्या सुधारणा बर्‍याचदा अशा असतात, बाहेरून काही दिसत नाही. तर फ्रीहबचं १३० मिमीचं हब घ्यायचं आणि १२० ची फ्रेम १३० करायची, दर बाजूला ५ मिमी.

पोलादी फ्रेमला हे चालतं. अॅल्युमिनियम किंवा कार्बनच्या फ्रेमला अजिबात करू नये.

रीत: लांब मजबूत लाकडी पट्टी मागच्या त्रिकोणात घालून सीटच्या नळीला टेकवायची आणि तरफेसारखं एका बाजूचा स्टे बाहेर ढकलायचा. एका वेळी एकच बाजू. दोन्ही ड्रॉपआउट एकदम फाकवले तर जी बाजू मऊ तीच सगळी वाकते. पोलाद परत मागे येतं, म्हणून १५ मिमी ढकललं तेव्हा दीड मिमी हाती लागला. थोडं ढकल, मोज, पुन्हा ढकल.

मोजायला दोरा. एका ड्रॉपआउटपासून निघून हेडच्या नळीला वळसा घालून दुसर्‍या ड्रॉपआउटला ताणून बांधायचा. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोर्‍याचं अंतर सारखं हवं. शेवटी डावीकडे २९.५, उजवीकडे ३०. अर्ध्या मिमीवरून मी झोप उडवून घेत नाही.

एवढ्याने भागत नाही. स्टे बाहेर गेले की ड्रॉपआउटची तोंडं तिरकी होतात, आणि त्यात आस घट्ट आवळली की ती वाकूनच बसते, म्हणजे ज्याच्यासाठी एवढं केलं तेच पाण्यात. दोन जाड आटेदार सळया दोन्ही ड्रॉपआउटमध्ये नटांनी आवळून समोरासमोर आणल्या. टोकं जुळेपर्यंत ड्रॉपआउट हळूहळू वळवले. डिरेलरचा हँगरही याच वेळी सरळ केला.

८ डिसेंबर

चाकं. २७ इंची रिमचा टायर बसण्याचा व्यास ६३० मिमी, नव्या ७०० सी मापाच्या रिमचा ६२२. नावावरून उलट वाटतं, पण ७०० सी लहान आहे. त्रिज्येत फरक ४ मिमी, म्हणजे ब्रेकचे रबर ४ मिमी खाली यायला हवेत. सेंटरपुलच्या भुजांच्या खाचेत तेवढी जागा आहे. शिवाय चिमट्यात ४ मिमी मोकळे झाले, त्यामुळे ३५ मिमीचा टायर मडगार्डसकट बसतो.

लोखंडी रिमा काढण्याचं खरं कारण मात्र पाऊस. ओल्या क्रोमवर रबर नुसतं घसरतं. ओल्या अॅल्युमिनियमच्या रिमवरही थांबायला जास्त अंतर लागतं, पण थांबता येतं. जुन्या अॅल्युमिनियमचा मी एवढा दुस्वास केला, नव्याला हरकत नाही.

दोन्ही चाकांना ३६ तारा, तीन छेद (प्रत्येक तार तीन तारांना छेदते), तारा दोन्ही टोकांना २ मिमी आणि मध्ये १.८. मध्ये बारीक तार कमजोर असेल असं वाटतं, पण गोष्ट उलटी आहे. तार तुटते ती बहुतेक वेळा हबपाशी, कोपरात, आणि तुटते ती थकून. चाकाच्या प्रत्येक फेर्‍यात तार जमिनीकडे आली की सैल पडते आणि वर गेली की पुन्हा ताणते. किलोमीटरला ४६० फेरे, शंभर किलोमीटरला ४६,०००. बारीक मध्यभाग थोडा लवतो आणि कोपरावरचा हिसका स्वतः घेतो.

आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढताना शेजारच्या समांतर तारांच्या जोड्या मुठीत धरून जोरात आवळल्या, सगळ्या चाकभर, पुन्हा पुन्हा. कोपर हबमध्ये नीट बसतात आणि वळवताना राहिलेले ताण निघून जातात. हे केल्यावर चाक परत आउट होतं. मग परत काढायचं. आवळूनही आउट जाईना, तेव्हा चाक तयार.

मागच्या चाकात चकत्यांमुळे उजव्या तारा उभ्या आणि डाव्या तिरक्या, त्यामुळे डाव्या बर्‍याच सैल राहतात. आठ चकत्यांची ही किंमत. सैल तारांचे निपल (रिमपाशी तार आवळणारे नट) प्रवासात आपोआप सुटू नयेत म्हणून डाव्या बाजूला जवसाचं तेल लावलं, सुकल्यावर ते चिकटून धरतं.

१२ डिसेंबर

ग्रीसकाम. पुढच्या हबमध्ये ३/१६ इंची छर्रे, बाजूला दहा. सगळे नवे, जुन्या-नव्यांची सरमिसळ करायची नाही.

हेडसेटमध्ये (चिमटा ज्यावर फिरतो त्या वाट्या-छर्‍यांत) हँडल सरळ असताना खाच लागत होती, खालच्या वाटीत छर्‍यांचे ठसे उमटले आहेत. पिंजर्‍यातले छर्रे काढून सुटे भरले. पिंजरा नसला की दोन-तीन छर्रे जास्त मावतात, मग ते जुन्या खड्ड्यांवर एकाच वेळी बसत नाहीत. खाच गेली, एका पैशाचाही खर्च नाही.

२० डिसेंबर

कॅरियर. मागे ड्रॉपआउटला कान (बोल्टची भोकं) आहेत, पुढच्या चिमट्याला फक्त मडगार्डचा एक. पुढचं खालच्या पातळीचं कॅरियर वरून रबर लावलेल्या पट्ट्यांच्या क्लिपांनी धरलं. पातळ नळीवर भोक पाडायचं नाही.

सामानाची यादी करताना थॉमस स्टीव्हन्स आठवला. १८८४ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून उंच चाकाच्या सायकलवर निघाला आणि १८८६ च्या डिसेंबरात योकोहामाला जगाचा फेरा संपवला. बरोबर मोजे, एक जादा सदरा, तंबू आणि अंथरूण म्हणूनही वापरता येईल असा रेनकोट आणि एक पिस्तूल. उंच चाकावर सामान ठेवायला जागाच नव्हती, हा त्याचा फायदा. माझ्याकडे दोन कॅरियर आहेत, म्हणून वीस किलो आहेत.

४ जानेवारी

भार टाकून चाचणी. पाण्याच्या बाटल्या, बरोबर २० किलो. आधी सगळं मागे, कारण बहुतेक जण तसंच करतात आणि मला आकडा हवा होता. मागच्या चाकाखाली वजनकाटा ठेवून बसलो: ११० पैकी ७४ किलो मागे. उतारावर ३५ च्या वेगाला हँडल डोलायला लागलं. वरच्या दांड्याची नळी एक इंचाची, भिंत पातळ; मागचं वजन फ्रेमला पीळ देतं, पीळ हँडलपर्यंत येतो आणि परत जातो. अशा वेळी हँडल आवळून धरलं तर डोलणं वाढतं. गुडघे दांड्याला टेकवले की थांबतं.

मग १२ किलो पुढे, आसाच्या उंचीवर, आणि ८ मागे. मागच्या चाकावर ६१. हळू चालवताना हँडल जड लागतं, वळणावर थोडा आळस करतं. पण ४५ ला हात हलका सोडला तरी सरळ. पातळ नळ्यांच्या फ्रेमवर सामान लादायचं तर पुढे आणि खाली, यावर माझ्यापुरती चर्चा संपली.

१७ जानेवारी

लांब उतार, मुद्दाम शोधलेला, पूर्ण भारासह. आठ टक्क्यांवर ताशी २० ने उतरायचं तर हवा आणि टायर वजा जाता ब्रेकना सुमारे ३८० वॉट उष्णता करावी लागते. गंमत अशी की ४० ने उतरलं तरी आकडा तेवढाच येतो, कारण हवा बराच भार घेते. मधला ३० चा वेग सगळ्यात वाईट, साडेचारशेच्या वर. म्हणजे रिम थंड ठेवायची तर एक तर चालीच्या वेगाने उतरा, नाहीतर सरळ रस्त्यावर सोडून द्या आणि वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात लावून परत सोडा. दुसरी पद्धत वापरली. रिमला बोट लावता आलं.

केबलची बाहेरची जुनी आवरणं दाबली जात होती, लिव्हर हँडलला टेकत होता. नवी घातली. सेंटरपुल ब्रेकबद्दलची निम्मी तक्रार ही खरं तर आवरणाची असते.

९ फेब्रुवारी

प्रवासात. काल उजवीकडची मागची एक तार गेली, कोपरातच. नेमकी चकत्यांच्या मागची. कॅसेट (चकत्यांचा गठ्ठा) काढायचं अवजार जवळ होतं, पण मोठा पाना कुणाकडून तरी उसना घ्यावा लागला. तो मिळेपर्यंत टोकाला आकडा असलेली दोरीची तात्पुरती तार लावून आलो. ती हबच्या भोकातून ओवता येते, चकत्या काढाव्या लागत नाहीत. ३६ तारांचं चाक एक तार गेली म्हणून लगेच वाकडं होत नाही, ब्रेकचं रबर थोडं सैल केलं की चालतं.

१६ फेब्रुवारी

२६ चं चेनव्हील रोज वापरात. अकराची चकती अजून कोरी.

चामड्याच्या सीटचा पुढचा बोल्ट अर्धा फेरा आवळला, त्याहून जास्त नाही.

२८ फेब्रुवारी

चेन मोजली. बारा इंच म्हणजे ३०४.८ मिमी असायला हवं, ३०५.६ भरलं. ३०६.४ झालं की बदलायची. त्यापुढे ओढली तर चेन चकत्यांचे दात खाते, आणि चेन चकत्यांपेक्षा स्वस्त. ब्रेकच्या रबरात रुतलेले अॅल्युमिनियमचे कण टोच्याने काढले. डाव्या तारा बोटाने वाजवून पाहिल्या, दोन सैल होत्या, पाव फेरा दिला. मागच्या कॅरियरच्या उजव्या बोल्टला नायलॉनचा नट लावायचा राहिला आहे.